भिंतीवरचं तळं

"बगळा होऊन दाखव," अक्का म्हणाली.

आम्ही तिचं भाड्याचं घर बघायला गेलो होतो. कंपनीने मला पुण्याहून बेंगळुरूला हलवलं होतं आणि बायको आणि मी बेळ्ळंदूरच्या आसपास घरं बघून पार थकलो होतो. आधीच्या घरमालकांनी सगळं विचारून घेतलं होतं. पगार, मांसमच्छी, पाहुण्यांची वर्दळ, भिंतीत खिळे ठोकायची सवय. बगळा कुणीच विचारला नव्हता.

मी हसलो. ती हसली नाही. म्हणून मी निमूटपणे एक पाय वर घेतला आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये चष्मा सावरत डुगडुगत उभा राहिलो. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली, प्रदर्शनातल्या पुतळ्याभोवती मारावी तशी.

"मान कुठंय? तू तर बस चुकलेला माणूस दिसतोस." मग ती बायकोकडे वळली. "तू गं पोरी, पुट्टी?"

बायकोने पर्स खाली ठेवली, मान खांद्यांत ओढून घेतली, नजर फरशीवर एका जागी रोखली आणि अशी काही गोठली की मला वाटलं, फरशीत खरंच मासा आहे. पंख्याचा वारा लागून तिची ओढणी हलत होती, ती नाही. अक्का बराच वेळ बघत राहिली आणि मग टाळी वाजवून ओरडली, "कट! घर तुमचं. सामान कधी आणताय?"

भाडेकरारात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण अक्काच्या भाडेकरूने अक्काच्या फिल्ममध्ये काम करायचं असतं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं. ती लहान लहान फिल्म बनवायची. पाच मिनिटांच्या, फार तर दहा. विषय एकच: पाणी, झाडं, पक्षी आणि आपण त्यांचं काय करून ठेवलंय ते. कॅमेरा म्हणजे तिचा तडा गेलेला फोन. तो रबरबँडांनी तिच्या दिवंगत यजमानांच्या काठीला बांधलेला असायचा. "आयुष्यभर त्यांनी मला आधार दिला नाही, आता देतायत की," असं ती त्या काठीकडे बघून म्हणायची, आणि म्हणताना तिचा हात काठीवरून फिरत असायचा.

अक्का बुटकी, साठी कधीच ओलांडलेली, सुती साडीवर कॅनव्हासचे बूट घालणारी. तिचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेलं. आम्हा नव्या लोकांना ती ऐकवायची, "आमची माणसं घोड्यावरून आली, तुम्ही विमानातून आलात. ट्रॅफिकमध्ये अडकलो मात्र दोघं एकाच ठिकाणी." तिच्या मराठीत कानडी शब्द असे मिसळलेले असायचे की ते वेगळे काढले असते तर वाक्यच सुटलं असतं. तिच्या घरच्या बायका 'मी येतो, मी सांगतो' असंच बोलायच्या. आणि सगळ्यात लाडका शब्द म्हणजे 'सुम्मने'. म्हणजे उगीच, काही कारण नसताना. अक्का, तळ्यावर कशाला चाललीस? सुम्मने. अक्का, मला अर्धा तास एका पायावर का उभं केलंस? सुम्मने, बघत होतो किती वेळ टिकतोस.

फिल्मच्या नादाला लागण्याआधी ती मल्लेश्वरममधल्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिथली तिची एक गोष्ट तिनेच सांगितलेली. पहिल्या दिवशी ती वर्गातल्या सगळ्या मुलांचे हिरवे खडू काढून घ्यायची. "हिरवा हातात असला की पोरं झाड उरकून टाकतात," ती म्हणायची. "हिरवा नसला की खिडकीशी जावं लागतं, झाड बघावं लागतं." मुलं मग जांभळी, तपकिरी, पिवळी झाडं काढायची आणि पालक तक्रार घेऊन यायचे. अक्का पालकांनाही खिडकीशी उभं करायची.

निवृत्त झाल्यावर मल्लेश्वरमच्या घरातला आपला वाटा विकून तिने आमच्या इमारतीत समोरासमोरचे दोन फ्लॅट घेतले. एकात ती, एकात आम्ही. कारण इमारतीमागचं तळं. ते जवळच्या मोठ्या, बदनाम तळ्याचं धाकटं भावंड म्हणावं असं. नाव कुणाला ठाऊक नाही, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ, कडेला बोरू आणि लव्हाळा. गंमत अशी की बिल्डरने इमारतीचं तोंड रस्त्याकडे केलं होतं आणि तळ्याकडे सगळ्यांची न्हाणीघरं. त्यामुळे ट्रॅफिक आम्हाला बाल्कनीतून दिसायचं आणि तळं बाथरूमच्या धुरकट काचेतून. नीट बघायचं तर खालच्या बागेत जावं लागे. तिथे तारेचं कुंपण होतं आणि त्यात एक छोटं फाटक. अक्काने फ्लॅट घेतले ते त्या फाटकासाठी.

तिच्या सवयी सांगू लागलो तर जेवणाची वेळ होईल. 'कट' हा शब्द ती फक्त शूटिंगला वापरत नसे. फोनवर बोलणं संपलं की कट. भाजीवाल्याशी घासाघीस संपली की कट. एकदा माझे सासरे तिच्यासमोर आपल्या मूळव्याधीबद्दल सविस्तर बोलू लागले, तेव्हा तिने अतिशय प्रेमळपणे त्यांच्या हातावर हात ठेवून कट म्हटलं. आणि रिटेक! तुम्ही तिच्या घरात नीट शिरला नाहीत तर ती तुम्हाला बाहेर पाठवायची. "परत ये. दार स्वल्प हळू. आणि चेहऱ्यावरचं ऑफिस बाहेर ठेवून ये."

तिचा कपडेपट आणि नेपथ्य म्हणजे आमचा सुका कचरा. दुधाच्या पिशव्यांचे शालू, बाटल्यांच्या झाकणांचे मुकुट, कुरिअरच्या खोक्यांचे किल्ले. फिल्म बघताना मध्येच आपल्या घरची शाम्पूची बाटली राणीच्या डोक्यावर दिसायची आणि आपण शेजाऱ्यांकडे बघायचं टाळायचो. खरी फजिती शेवटी व्हायची, कारण अक्काच्या श्रेयनामावलीत कलाकारांआधी 'कचरा साहाय्य' यायचं आणि त्यात फ्लॅटचे नंबर असायचे, सगळ्यात जास्त कचरा देणारा सर्वांत वर. तिसऱ्या मजल्यावरचं एक जोडपं सलग तीन फिल्ममध्ये पहिलं आलं. त्यानंतर त्यांनी घरी पार्सल मागवणं जवळजवळ सोडूनच दिलं. ते नवराबायको संध्याकाळी एकमेकांशी भांडत स्वयंपाक करायचे. अक्का म्हणायची, "बघ, दोघंही बारीक झाले की नाही?"

आमच्या इमारतीत सगळ्या देशाचे लोक, पण अक्काची नटमंडळी मात्र आम्हा मराठी कंपूतली. मराठी माणसाला काम मिळालं की कशात आणि कशासाठी हे तो विचारत नाही. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी तर नागपूरचे, अंगाने आडवे, आवाजाने खणखणीत, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून कोपरं बाहेर काढून उभं राहायची त्यांची ढब. त्यांना अक्काने कायम मोठ्या भूमिका दिल्या. मोठ्या म्हणजे आकाराने. कचऱ्याचा डोंगर, वडाचं झाड, एकदा तर आख्खा ढग.

आणि मग ती फेसाची फिल्म आली.

मोठ्या तळ्यावर पूर्वी साबणासारखा फेस यायचा आणि वाऱ्याबरोबर रस्त्यावर उडायचा, हे आमच्या भागात सगळ्यांनी काचेवर वायपर फिरवत अनुभवलेलं. अक्काला त्यावर फिल्म करायची होती. नाव 'पाहुणा'. एका लग्नात फेस न बोलावता येतो, पंगतीत बसतो, वाढत जातो आणि शेवटी नवरानवरी त्यात दिसेनाशी होतात. फेस कोण? अर्थात सेक्रेटरी.

पण फेस करायचा कशाचा? साबण अक्काला चालणार नव्हता. "फिल्म संपली की पाण्याला कळता कामा नये," हा तिचा नियम होता. मग रिठे आले. पोत्यांनी आले. प्रत्येक घरातल्या बादल्यांत रिठे भिजले आणि रविवारी सकाळी तळ्याच्या बांधावर ताडपत्री अंथरून आम्ही सगळे ते घुसळायला बसलो. कुणी रवीने, कुणी झाऱ्याने, एका गृहस्थाने मुलाच्या क्रिकेटच्या बॅटने. फेस असा चढला की विचारू नका! सेक्रेटरी गळ्यापर्यंत त्यात बसले आणि नुसतं डोकं बाहेर काढून म्हणाले, "अक्का, मला डायलॉग द्या ना. फेसाला काही भावना असतील का नाही?"

"तुझं काम वाढणं आहे. वाढ," अक्का म्हणाली.

तिने जमिनीवर आडवं पडून कॅमेरा असा लावला की ताडपत्री दिसेना. वाटावं, तळंच उतू चाललंय. उरलेला फेस आम्ही घागरी भरभरून घरी नेला. पुढे कितीतरी दिवस सोसायटीत सगळ्यांचे केस मऊसूत होते, सेक्रेटरींच्या टकलालाही तेज आलं होतं.

गणपतीत फिल्म दाखवली. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण शेवटी नवरीचा हात फेसातून एकदाच वर येतो तेव्हा हसू थांबलं. अक्का खूश होती. तिने मला चक्क एकही रिटेक न घेता घरात येऊ दिलं.

आता घोटाळा ऐका. आम्ही नटमंडळी. प्रत्येकाने त्या फिल्ममधला आपापला तुकडा कापून घेतला आणि आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला. बघा, मी कसा दिसतो. नाव गेलं, लग्न गेलं, रिठे गेले. उरलं काय? उतू चाललेलं तळं आणि पळणारी माणसं. ते तुकडे नाशिकला गेले, दुबईला गेले, कुणाच्या मावसभावाकडे गेले आणि काही दिवसांनी आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर परत आले. खाली लिहिलेलं, 'बेंगळुरूत आणखी एक तळं फेसाळलं, परिसरात घबराट.'

घबराट खरोखरच झाली. ज्यांनी गणपतीतली फिल्म बघितली नव्हती ते तर घाबरलेच, पण ज्यांनी रवी फिरवली होती तेही घाबरले! मी सेक्रेटरींना जिन्यात गाठलं. म्हटलं, "अहो, त्या फेसात तुम्हीच बसला होतात."

"तो फेस वेगळा, भाऊ," ते म्हणाले. "मी दोन्ही पाहिले. हा मोठा दिसून राहिला."

तातडीची सभा भरली. इंग्रजी, हिंदी, कानडी, तमिळ सगळ्या भाषांतून एकच मागणी. तळ्याच्या बाजूने उंच भिंत बांधा. डास, वास, साप आणि आता हा फेस. अक्का उठली. तिने पिशवीतून पातेलं काढलं, रिठ्याचं पाणी काढलं, रवी काढली आणि सभेच्या मधोमध उभं राहून घुसळायला लागली. फेस पातेल्याबाहेर आला, टेबलावर आला, सेक्रेटरींच्या कागदांवर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पटलं ना?" अक्काने विचारलं.

"पटलं अक्का," सेक्रेटरी कागद झटकत म्हणाले. "पण आज खोटा आहे तर उद्या खरा येऊ शकतो ना. लोकं भिऊन राहिले. मी काय करू, सांगा?"

हात वर झाले. भिंत मंजूर झाली. सिमेंटच्या ठोकळ्यांची, दीड पुरुष उंच. छोटं फाटक त्या भिंतीत गेलं.

त्यानंतर कितीतरी दिवस अक्काच्या तोंडून कट ऐकू आलं नाही. भाजीवाला सांगेल त्या किमतीला भाजी घ्यायची. मी मुद्दाम दार आपटून तिच्या घरात शिरलो तरी तिने मला बाहेर पाठवलं नाही. मला ते फार लागलं. बायको म्हणाली, "त्यांना तळ्यावर घेऊन जा."

आता तळ्यावर जायचं म्हणजे पुढच्या फाटकाने बाहेर पडून, रस्त्याने वळसा घालून पलीकडच्या बांधावर. एवढ्याशा अंतराला रिक्षावाले यायचे नाहीत. एकाने अक्काकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "बरल्ला, नाही येत अक्का, यू टर्नलाच अर्धा तास जातो." म्हणून आम्ही चालत गेलो. बसच्या धुरातून, खोदलेल्या फुटपाथवरून, यजमानांची काठी पुढे टेकवत.

बांधावर बसल्यावर ती पाण्याकडे न बघता आमच्या भिंतीच्या मागच्या बाजूकडे बघत राहिली.

"शाळेत एवढी वर्षं पोरांना कधी भीती घातली नाही मी," ती म्हणाली. "आणि इथं घातली. चांगली घातली. घाबरलेला माणूस दुसरं काय करणार? दार लावून घेणार."

"भिंतीने तळ्याचं काय बिघडतंय अक्का? ते आहे तिथेच आहे."

"आज आहे. भिंतीमागं काय आहे ते पोरं विसरतील. मग एक दिवस ट्रक येतील, माती टाकतील आणि तुम्हाला वाटेल, कुठंतरी रस्त्याचं काम चाललंय."

समोर लव्हाळ्यात एक इवलासा तपकिरी पक्षी टुपकन बुडाला आणि भलतीकडेच वर आला. टिबुकली. अक्काने आपसूक फोन काठीला लावला. बराच वेळ ती त्या पक्ष्यामागे काठी फिरवत राहिली. मी विचारलं, "ह्याची काय फिल्म?"

"सुम्मने," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती सेक्रेटरींकडे गेली आणि भिंतीच्या आतल्या बाजूला एक मोठा चौकोन चुन्याने पांढरा करायची परवानगी मागितली. सेक्रेटरींना तिच्यापुढे उभं राहतानाच अपराधी वाटत होतं. "करा ना अक्का, बाप्पा, भिंत आपलीच आहे," ते घाईघाईने म्हणाले.

पुढच्या शनिवारी, दिवे लागायच्या सुमाराला, बागेत भिंतीकडे तोंड करून खुर्च्या मांडल्या गेल्या. बायकोने चुरमुरी, म्हणजे इकडची भेळ, कालवली होती, त्या वासाने बरेच लोक उतरले. प्रोजेक्टर लागला आणि भिंतीवर तळं उमटलं. भिंतीमागचंच तळं, कालच्या संध्याकाळचं. आवाज नाही, गोष्ट नाही, कचऱ्याचे मुकुट नाहीत. पाणी. लव्हाळा. एक बगळा, जो शेवटपर्यंत हलला नाही आणि माझ्या बायकोइतका चांगलाही नव्हता.

"अक्का, स्टोरी कुठंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"येईल की. स्वल्प धीर धर."

गोष्ट पुढच्या शनिवारी आली. पडद्यावर एक पाणकावळा खांबावर बसला, दोन्ही पंख पसरून, कोपरं बाहेर काढून, छाती फुगवून उन्हात वाळत. पहिल्यांदा कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळी बाग हसत सुटली. सेक्रेटरी नेमके तसेच मागे उभे होते. त्यांनी घाईने हात खाली घेतले. त्यांना राग आला असं मला वाटलं, पण पुढच्या शनिवारी ते नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले आणि फिल्म सुरू व्हायच्या आधीच विचारू लागले, "आज मी आहे का?"

पण खरी नायिका टिबुकलीच. अक्काने तिचं घरटं शोधून काढलं होतं. लव्हाळ्याला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं, कुजक्या पानांचं, वरून बघावं तर कचराच. त्यात निळ्या दुधाच्या पिशवीची एक पट्टीही विणलेली. शेवटी श्रेयनामावलीत आलं, 'घरटं साहाय्य: बहुतेक आपल्यापैकीच कुणीतरी.' टिबुकली उठून जाताना अंड्यांवर पानं ओढून ठेवते हे आम्ही पाहिलं. नर आणि मादी पाळी बदलतात हे पाहिलं. घार घिरट्या घालून गेली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने एकमेकांचे हात धरले. लिफ्टमध्ये लोक एकमेकांना विचारू लागले, "काय वाटतं, या आठवड्यात फुटतील अंडी?" आणि हे सगळं बघायला आम्ही तळ्याला आडव्या येणाऱ्या भिंतीसमोर बसत होतो. हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं, म्हणजे आलं असेल, पण कुणी बोलत नव्हतं. अक्काही नाही.

मग एका आठवड्यात दणकून पाऊस झाला. रस्ते तुंबले, ऑफिसं घरून चालू झाली आणि सगळ्यांच्या मनात एकच: पाणी चढलं असेल, घरट्याचं काय झालं असेल? शनिवारी खुर्च्या कमी पडल्या. अक्का काठी टेकत आली आणि पांढऱ्या चौकोनापुढे उभी राहिली.

"या वेळी फिल्म नाही," ती म्हणाली. "काल जायला आगल्ला, जमलं नाही मला. गुडघा."

त्या गुडघ्याबद्दल माझ्या मनात आजही शंका आहे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला जिना दोन दोन पायऱ्या चढताना पाहिलं. पण त्या वेळी सगळे नुसते रिकाम्या भिंतीकडे बघत बसले. आणि त्या शांततेत भिंतीच्या पलीकडून, अगदी जवळून, आवाज आला. कुणीतरी बारीक घुंगरू झरझर हलवावेत तसा.

"टिबुकली," माझी बायको म्हणाली.

सेक्रेटरी उठले. आधी खुर्चीवर चढले, खुर्चीने नकार दिला. मग त्यांनी वॉचमनला हाक मारून पंपरूममधली शिडी मागवली, ती त्या पांढऱ्या चौकोनालाच लावली आणि आपला सगळा आकार घेऊन वर चढले. आम्ही चौघांनी शिडी धरली.

"दिसतंय का?"

"थांबा ना... पाणी लई चढलंय. लव्हाळा अर्धा बुडाला... घरटं..." ते थांबले. खाली आम्ही शिडी आणखी घट्ट धरली. "घरटं आहे! तरंगून राहिलं! पण अंडी नाहीत त्यात. रिकामं आहे."

अक्का खाली मान घालून काठीवरचे रबरबँड चाचपत होती.

"थांबा, थांबा!" वरून सेक्रेटरी ओरडले. "ती आली बाहेर. तिच्या पाठीवर... अरे बाप्पा! पाठीवर बसून राहिलं! दोन आहेत! पट्ट्यापट्ट्यांची मुंडकी पिसांतून बाहेर काढून बसलेत पोट्टे!"

मग काय झालं ते विचारू नका. शिडीसाठी रांग लागली, रांगेत भांडणं लागली, प्रत्येक जण वर गेला की खाली यायचं नाव घेईना. ज्यांना शिडी चढता येत नव्हती ती म्हातारी मंडळी खालून ओरडत होती, "आता काय करतायत?" अंधार पडेपर्यंत हेच चाललं. शेवटी सेक्रेटरी घामेघूम होऊन, हात कमरेवर ठेवून भिंतीपुढे उभे राहिले आणि वैतागून म्हणाले, "पण ही भिंत इथं बांधली कोणी?"

सगळी बाग एका सुरात म्हणाली, "तुम्ही!"

पुढच्या सभेत अक्का आलीच नाही. गरजच नव्हती. भिंतीत खिडकी पाडायचा ठराव सेक्रेटरींनीच मांडला. कारण लिहिलं, बागेत हवा खेळती राहावी. गवंड्याने विचारलं, केवढी? सेक्रेटरींनी पांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवलं. चुना लागला होता तेवढी भिंत, कडेने बरोबर रेघेवर कापून, काढून टाकली.

त्या शनिवारी अक्काने उघड्या चौकोनावर चादर लावून ठेवली होती. सगळे बसल्यावर तिने चादर ओढली आणि येऊन माझ्या शेजारी बसली. समोर तळं होतं. वारा येत होता. पाणकावळा खांबावर होता आणि सेक्रेटरी पहिल्या रांगेत होते. टिबुकलीची पिलं आता पाठीवरून उतरून आपली आपण बुडायला शिकत होती. बुडायची आणि बुचासारखी लगेच वर यायची. आम्ही बघत बसलो. पाणी काळं झालं, मग दिसेनासं झालं, पण कुणाला उठायचं कसं तेच कळेना. श्रेयनामावली नव्हती. शेवटी सेक्रेटरी मागे वळून म्हणाले, "अक्का, कट म्हणा ना. जेवायला जायचं आहे."

"तू जा की. तुला कुणी धरलंय?" अक्का म्हणाली. कट काही म्हणाली नाही.

अक्का आता मैसूरला लेकीकडे असते. तिथे तिने लेकीच्या शेजाऱ्यांना पाणघोडे केलं आहे असं ऐकतो. मध्यंतरी एका संध्याकाळी पलीकडच्या बांधावर मातीने भरलेला एक ट्रक येऊन थांबला. आमचा सगळा प्रेक्षकवर्ग एकदम उठून उभा राहिला. सेक्रेटरी खिडकीत गेले आणि त्यांना येतात तेवढ्या सगळ्या भाषांत त्यांनी अशी आरोळी ठोकली की ट्रकवाल्याने काच खाली करून इकडे पाहिलं. भिंतीत एक मोठं भोक आणि भोकात गच्च भरलेली माणसं, हातात चुरमुरीच्या पुड्या. तो गुपचूप माघारी गेला. मी हे अक्काला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "हा सीन मी लिहिलाच नव्हता. फार छान केलात."

शनिवारी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. माझी ख्यालीखुशाली विचारायला नव्हे. मी फोन घेऊन खिडकीशी उभं राहायचं. "डावीकडे. स्वल्प खाली. तुझा अंगठा काढ, तळ्यावर ढग आलाय वाटतं." मग ती गप्प होते. मी फोन धरून उभा असतो, हात भरून येतो, तो मी बदलतो, नकळत एक पाय उचलून दुसऱ्यावर टेकवतो. पलीकडून मैसूरहून नुसता तिचा श्वास ऐकू येतो, आणि मी वाट बघत असतो, ती आता कट म्हणेल, मग म्हणेल.